बटण बंद केलं का?

किल्ली या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क जगात दोनच प्रकारच्या माणसांना आहे. एक चोर आणि दुसरे बँकवाले. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. आमच्या शाखेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात. एक हेड कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही आणि दोघांपैकी एकाचा जरी रुसवा असला तरी सगळ्या गावाचा पैसा आत आणि गाव बाहेर. याला आमच्या भाषेत ‘जॉइंट कस्टडी’ म्हणतात. (लग्नाला हाच शब्द जास्त शोभला असता, असं मी एकदा घरी म्हणालो होतो. त्या दिवशी डबा मिळाला नाही.)

तर अशा किल्लीनिष्ठ माणसाच्या दारात गेली चाळीस वर्षं एक फटफटी बिनकिल्लीची उभी आहे. तिचं नाव आणि कंपनी लिहीत नाही. खातेदाराची माहिती बाहेर सांगायची नाही, ही नोकरीची सवय. एवढंच सांगतो की ती दोन स्ट्रोकची आहे, सहा व्होल्टची आहे आणि 1981 साली आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, ती पगारातून हप्ते भरून घेतली. दादा सरकारी कचेरीत कारकून होते. कारकुनाने फटफटी घेणं म्हणजे त्या काळी गल्लीत हत्ती बांधण्यासारखं होतं.

घेतली तेव्हा तिला किल्ली होती. हेडलाइटच्या घुमटात वरच्या अंगाला ती खोचायची, फिरवायची, लाल दिवा लागला की किक मारायची. पण चार वर्षांत त्या किल्लीचं भोक इतकं सैल झालं, की त्यात काहीही चालू लागलं. आधी आईच्या कपाटाची किल्ली चालली, मग नेलकटरची पट्टी चालली, आणि एकदा शेजारच्या काकांनी केवळ विनोद म्हणून घातलेली कानकोरणीही चालली, तेव्हा दादा गंभीर झाले. शेवटी भोकात काही न घालताच गाडी कधी चालू होई, कधी होत नसे. दादांनी ती मिस्त्रीकडे नेली. नवीन स्विच पुण्याहून मागवावा लागेल, किंमत इतकी आणि दिवस तितके, हे ऐकून दादांचा चेहरा उतरला. तो पाहून मिस्त्री म्हणाला, “भाऊसाहेब, कशाला खर्चात पडता? डायरेक करून टाकतो.”

‘डायरेक’ हा शब्द ज्याला कळला त्याला अर्धा भारत देश कळला. मूळ स्विचकडे जाणाऱ्या तारा मिस्त्रीने तोडल्या आणि सीटखाली आणून त्यांच्यामध्ये एक बटण बसवलं. बटण कुठलं, तर घरातल्या दिव्याचं. काळं, गोल, बेकलाइटचं, पाच अँपिअरचं, खाली दाबलं की ‘टक्’ असा खणखणीत आवाज करणारं. दिवाणखान्यात त्याचं भावंड होतं. सीटखाली हात घालून दादांनी टक् केलं की गाडी तयार. दादा त्याला ‘चोरबटण’ म्हणायचे. चोरखिसा असतो तसं. चोराला ते सापडणार नाही याचा त्यांना इतका अभिमान होता की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सीट उचलून दाखवायचे.

आता एवढ्यात ही गाडी पुन्हा वर आली, कारण नोंदणीची मुदत संपत आली. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं कोणी विचारत नाही, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आजचा मिस्त्री (जुन्याचा मुलगा) सीट उचलून आत पाहतो, आणि शिक्षणाने पोरं बिघडतात तशी त्याची नजर बिघडलेली असल्यामुळे म्हणतो, “साहेब, हे काढा. नवीन स्विच मिळतो आता, किल्लीसकट. दोनशे-तीनशेचं काम.” मी म्हटलं, विचार करून सांगतो. बँकेत ‘नाही’ला असंच म्हणतात.

पण विचार खरोखरच सुरू झाला. मी बी.कॉम. माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सलोख्याने तुटला. तरीही रात्री बसून वाचू लागलो, की ही किल्ली, हा स्विच, मोटरसायकलला मुळात आला कुठून? आणि वाचता वाचता असं दिसलं, की आमच्या दादांची गाडी ही अडगळ नसून परंपरा आहे.

पहिली मोटरसायकल म्हणतात ती 1885 सालची, जर्मनीतल्या कानश्टाट गावी गोटलीप डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी केलेली. लाकडी सांगाडा, लाकडी चाकं. तिला किल्ली नव्हती, बटण नव्हतं, ठिणगीसुद्धा नव्हती. इंजिनात एक नळी होती, ती बाहेरून ज्योत लावून लालबुंद ठेवायची आणि त्या तापल्या नळीने आतलं मिश्रण पेटायचं. म्हणजे चुलीवर बसून प्रवास. त्या नोव्हेंबरात डाइमलरांचा मुलगा पाउल ती घेऊन शेजारच्या उंटरट्युर्कहाइम गावाकडे निघाला आणि वाटेत सीटने पेट घेतला, कारण तापलेली नळी बरोबर त्याच्या खालीच होती. जगातल्या पहिल्या मोटरसायकलवर पोरगा बसला आणि पहिल्याच प्रवासात बूड भाजलं. सीटखालच्या भानगडींचा इतिहास हा असा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पुढे विजेची ठिणगी आली आणि तिच्याबरोबर दोन पंथ झाले. एक बॅटरीचा, दुसरा मॅग्नेटोचा. सुरुवातीच्या बॅटऱ्या फार नाजूक. यंत्र उभं करून मालक जेवायला गेला आणि वीज तोडायला विसरला, की परत येईपर्यंत बॅटरी ठण्ण. म्हणून जोडणीत एक काढघालीची खुंटी ठेवत. ती उपसून खिशात टाकायची. मला हा किल्लीचा मूळपुरुष वाटतो. मुद्दा लक्षात घ्या: खुंटी मुख्यतः बॅटरीसाठी. चोर बिचारा नंतर आला.

दुसऱ्या पंथाचे आचार्य रॉबर्ट बॉश. श्टुटगार्टला त्यांनी 1886 साली कारखाना काढला, 1897 साली द दिआँ-बूतों या फ्रेंच बनावटीच्या तीनचाकीला आपला मॅग्नेटो बसवून दाखवला, आणि 1902 साली त्यांच्या गोटलोब होनोल्ड या इंजिनिअराने प्लगमधून ठिणगी उडवणारा उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. यात बॅटरीच नाही. लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. इंजिन फिरलं की वीज आपोआप तयार. स्वतःच कमवायचं, स्वतःच खायचं, कुणाच्या दारात उसनं मागायला जायचं नाही. या मॅग्नेटोवर जग इतकं विसंबलं, की 1914 साली महायुद्ध पेटलं तेव्हा इंग्रजांच्या लक्षात आलं, आपल्या मोटारींचे आणि विमानांचे मॅग्नेटो येतात ते जर्मनीहून! शत्रूकडे काडेपेटी मागायची वेळ. मग घाईघाईने स्वतःचे कारखाने काढावे लागले. बॉश कंपनीचं जे गोल चिन्ह आज दिसतं, ते या मॅग्नेटोच्या गाभ्याचं चित्र आहे. 1918 साली होनोल्डनेच ते काढलं. आपल्याकडे ही मंडळी 1951 साली ‘मायको’ या नावाने बंगळूरला आली आणि 2008 साली नाव बदलून बॉश झाली, पण नाशिकमधला रिक्षावाला अजून ‘मायको सर्कल’च म्हणतो. रिक्षावाल्याने नाव बदलल्याशिवाय काही बदलत नाही.

आता खरी गंमत. बॅटरीच्या गाडीत स्विच म्हणजे मंजुरी. तारा जोडल्या की वीज जाते, तोडल्या की थांबते. मॅग्नेटोच्या गाडीत सगळं उलटं. वीज सतत तयार होतच असते. स्विच तिला जमिनीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, वळवून वाया घालवतो. तारा जोडल्या की गाडी बंद! तोडल्या की चालू! पहिल्यात स्विच म्हणजे मंजुरी, दुसऱ्यात नामंजुरी. पहिल्या गाडीची तार वाटेत तुटली तर गाडी थांबते. दुसरीची तुटली तर गाडी थांबवता येत नाही. जुन्या विमानांजवळ काम करणाऱ्या लोकांना म्हणूनच शिकवतात, की स्विच बंद दिसला तरी पंख्याला जिवंत समजूनच हात लावा. मॅग्नेटोची ती एक तार तुटलेली असली तर हाताने पंखा फिरवताच इंजिन सुरू होईल. माणसं गेली आहेत अशी.

हे वाचलं आणि मला आमचं घर समजलं. दादा बॅटरीवाले होते. वरून मंजुरी आल्याशिवाय ते हलत नसत. आई मॅग्नेटो. ती पहाटे पाचला सुरू होते आणि कुणीतरी अडवल्याशिवाय थांबत नाही.

मोटरसायकलवाल्यांनी मॅग्नेटो फार वर्षं धरून ठेवला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने बीएसएच्या एम-20 गाड्या हजारोंनी वापरल्या, त्यांना इग्निशनची किल्लीच नव्हती. जो शिपाई किक मारील त्याची गाडी. रणांगणावर किल्ली शोधत बसणार कोण! घरी मी मंडईच्या पिशव्या हातात घेऊन खिसे चाचपतो, तेव्हा मला या लष्करी शहाणपणाची आठवण होते.

बॅटरी पंथाला राजमार्गावर आणलं ते अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी, आणि हे गृहस्थ जवळजवळ आमच्याच धंद्यातले, हे वाचून माझी छाती फुगली. ओहायोतल्या डेटन गावी ते नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला हातदांडा असे; त्याच्या जागी त्यांनी विजेची लहानशी मोटर बसवली. गल्ला दिवसभर फिरत नाही. त्याला क्षणभर जोर लागतो आणि मग विश्रांती. (आमच्या काउंटरचंही तसंच आहे, पण गिऱ्हाइकांना ते पटत नाही.) तोच क्षणभराचा जोर त्यांनी मोटारगाडीला लावला. 1910 च्या कॅडिलॅकला त्यांची बॅटरी आणि कॉइलची ठिणगी आली, 1912 च्या कॅडिलॅकला सेल्फ-स्टार्टर. कॉइलचं काम तर शुद्ध बँकिंग. सहा व्होल्टचा बारीक प्रवाह वेटोळ्यात भरत राहायचा, मग पॉइंट उघडून तो एकदम तोडायचा. त्या तोडण्याने हजारो व्होल्टचा धक्का प्लगवर उडतो. थोडं थोडं जमा, एकदम उचल.

पण जमा करणारा खातेदार झोपी गेला तर? इंजिन थांबलं, पॉइंट नेमके मिटलेले राहिले आणि स्विच चालूच राहिला, तर प्रवाह रात्रभर कॉइलमधून वाहतो. सकाळी बॅटरी कोरडी, कॉइल गरम. 1950 नंतर इंग्लिश मोटरसायकली एकामागून एक कॉइलवर आल्या तशी किल्ली अटळ झाली. ट्रायम्फच्या 1953 च्या स्पीड ट्विनसारख्या गाड्यांवर तर किल्लीला एक ‘इमर्जन्सी’ घर होतं: बॅटरी मेली असेल तर तिकडे फिरवा, वीज तयार करणारं यंत्र थेट कॉइलला वीज देईल, गाडी सुरू झाली की मुकाट्याने मूळ जागी या. याला आम्ही तात्पुरता ओव्हरड्राफ्ट म्हणतो. आणि जर्मनांचं काय? बीएमडब्ल्यूसारख्या नावाजलेल्या गाडीला 1970 च्या दशकातसुद्धा किल्ली म्हणून एक खिळा होता. दाते नाहीत, खाचा नाहीत. हेडलाइटच्या घुमटात खोचायचा खिळा, आणि एकाचा दुसऱ्याला चालणारा. म्हणजे जर्मनीत नेल आणि साताऱ्यात नेलकटर. दादा हयात असते तर त्यांना हे सांगून मी एक चहा नक्की उकळला असता.

रोज रात्री जेवण झालं की दादा आईला विचारायचे, “बटण बंद केलं का?” आईने गाडी आयुष्यात कधी चालवली नाही. प्रश्न तिला नव्हता, हवेला होता. पण उत्तर तिनेच द्यायचं. “केलं असेल.” ‘असेल’ या शब्दावर दादा उठायचे, चपला घालून खाली जायचे, सीटखाली हात घालायचे. बंदच असायचं. तरी एकदा टक् चालू, टक् बंद करून पाहायचे. तो आवाज आम्हाला वर ऐकू यायचा, आणि मग घर झोपायचं.

आता खंबाटकीची गोष्ट. 1989 चा मे महिना. मी अकरा वर्षांचा. पुण्याला लग्न होतं; आई आणि ताई एसटीने पुढे आणि दादा-मी फटफटीने मागून. वळवाचा पाऊस पडून गेला होता. खंडाळा सोडून घाट चढायला लागलो तेव्हा पूर्ण अंधार होता. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर इंजिन आणि दिवा दोन्ही एकाच क्षणी गेले. पुढे काळोख, डावीकडे काय आहे ते दिसत नव्हतं ते बरंच, आणि मागून चढणाऱ्या ट्रकचा आवाज. दादांनी गाडी कशीबशी कडेला दाबली. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. माझा दंड तेवढा त्यांनी धरून ठेवला होता. किती घट्ट, ते दुसऱ्या दिवशी आईला दिसलं.

ट्रक आमच्या मागे येऊन थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. “काय झालं पाव्हणं?” दादा म्हणाले, “बटण गेलं.” घाटात, रात्री, मोटरसायकलवाला बटण गेलं म्हणतो, म्हणून त्याने आधी दादांच्या शर्टाकडे पाहिलं. मग सीट उचललेली पाहून समजला, आणि इंजिन चालू ठेवून आपल्या दोन्ही दिव्यांचा उजेड आमच्यावर टाकून तसाच उभा राहिला. मागे आणखी दोन गाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजले. तो हलला नाही.

बटणातली पितळी पट्टी हादऱ्यांनी तुटली होती. भिंतीवर ती पन्नास वर्षं टिकली असती. भिंत घाट चढत नाही. दादांनी तारा उपटल्या. त्या जेमतेम एकमेकींना टेकत होत्या, पीळ द्यायला पुरत नव्हत्या. दादांनी विचार केला, खिशातला रुमाल काढला आणि म्हणाले, “बाळ, मागे बस. हात इथे घाल. ही दोन टोकं चिमटीत दाबून धर. सोडायचं नाही.”

पुढचा तास-सव्वा तास, खंबाटकीच्या घाटापासून साताऱ्याच्या घरापर्यंत, मी इग्निशन स्विच होतो.

वाचकांना हा अनुभव नसेल म्हणून सांगतो. सहा व्होल्टचा झटका बसत नाही असं शास्त्र सांगतं. पण टोकं किंचित सुटली की कॉइल आपली जमा एकदम परत करते आणि ती रुमालातूनही कळते. मला शिंक आली की घाटात अंधार व्हायचा. गाडी गचका द्यायची, दादा न वळता ओरडायचे, “धर!”, मी धरायचो, उजेड व्हायचा. वेळे मागे गेलं, सुरूर मागे गेलं, भुईंजला दादांनी विचारलं, “हात दुखतोय का?” मी नाही म्हणालो. बोटं पोळली होती. पण त्या क्षणी दिवा, इंजिन आणि दादा हे तिन्ही माझ्या चिमटीत होते. पुढे बावीस वर्षांच्या नोकरीत इतका अधिकार मला बँकेने दिलेला नाही. घराशी आलो तेव्हा दादा म्हणाले, “सोड आता.” मला सोडता येईना. बोटं आखडली होती. दादांनी ती एकेक करून उलगडली तेव्हा गाडी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी दादांनी बाजारातून बटण आणलं. पुन्हा घरातल्या दिव्याचंच. माणसं सुधारतात असं मी म्हटलेलं नाही.

हे सगळं आठवून मी हसत होतो, आणि वाचता वाचता 2014 सालावर येऊन थबकलो. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने त्या वर्षी सुमारे 26 लाख छोट्या मोटारी परत बोलावल्या. दोष इग्निशन स्विचचा. आतली एक खिट्टी आणि तिची स्प्रिंग कमजोर होती. किल्लीला जड जुडगा लटकला किंवा रस्त्यात धक्का बसला की किल्ली आपोआप मागे फिरायची. धावत्या गाडीचं इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि आदळलं तर एअरबॅग उघडायची नाही. कंपनीनेच नेमलेल्या नुकसानभरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. त्याहून मला, कारकुनाला, हादरवलं ते पुढच्या ओळीने: मधल्या काळात तो सुटा भाग गुपचूप सुधारला होता, पण त्याचा क्रमांक बदलला नव्हता. कागदावर जुना भाग आणि नवा भाग एकच! म्हणजे व्हाउचरवर आकडा बदलायचा आणि बाजूला सही करायची नाही. म्हणून शोधणाऱ्यांना कित्येक वर्षं दोष सापडेना. आमच्याकडे यासाठी माणूस निलंबित होतो. तिथे तोवर एकशेचोवीस घरांत रात्री कुणीतरी वाट पाहत बसलं.

ते वाचलं त्या रात्री मी सीटखालचं बटण जाऊन पाहिलं. पट्टी सैल झाली होती. आमचा चिरंजीव या वर्षी अठराचा झाला आहे आणि त्याला ही गाडी कॉलेजला न्यायची आहे. विंटेज म्हणे. दुसऱ्या दिवशी मी गाडी मिस्त्रीकडे ढकलत नेली.

नवा स्विच हेडलाइटच्या घुमटात बसला. दोन किल्ल्या मिळाल्या. एक चिरंजिवांना दिली, दुसरी माझ्याकडे ठेवली, जॉइंट कस्टडी. “बटण टाकून देऊ का साहेब?” मिस्त्रीने विचारलं. मी म्हटलं, राहू दे. मग तारा काढून त्याने ते रिकामंच सीटखाली होतं तिथे स्क्रूने परत बसवलं. त्याने त्याचे पैसे लावले नाहीत.

रात्री जेवणं झाली. आई ऐंशीची झाली आहे, ऐकू कमी येतं. दादा जाऊन नऊ वर्षं झाली. ताट उचलता उचलता ती म्हणाली, “बटण बंद केलं का?”

“आई, आता किल्ली आहे,” मी मोठ्याने म्हणालो आणि खिशातून काढून दाखवली.

“किल्लीचं नाही विचारत मी. बटण.”

“केलं असेल,” माझी बायको आतून म्हणाली.

मी चपला घातल्या, खाली गेलो, सीटखाली हात घातला आणि वर ऐकू जाईल अशा बेताने दोनदा टक् केलं.